अब्जांश कणयुक्त एपॉक्सी संमिश्रे

अब्जांश कणयुक्त एपॉक्सी संमिश्रे : एपॉक्सी रेझिनात सिलिका, ॲल्युमिना, टिटॅनियम डाय-ऑक्साइड इत्यादींचे अतिसूक्ष्म कण मिसळून तयार केलेले विद्युत् निरोधक पदार्थ. कणांचा व्यास सामान्यतः १०० नॅनोमीटरपेक्षा (१ नॅनोमीटर = मीटरचा एक अब्जांश भाग) कमी असतो. या संमिश्रांचे विद्युत् अपारक गुणधर्म (विद्युत् क्षेत्रात ऊर्जा साठविणे, ती उष्णतेच्या रूपाने गमावणे व विद्युत् दाब सहन करणे यांविषयीचे गुणधर्म) कण कशाचे आहेत यापेक्षाही ते रेझिनात कसे विखुरलेले आहेत यावर पुष्कळदा अधिक अवलंबून असतात.

शुष्क रोहित्रे (ट्रान्सफॉर्मर) व ११ किलोव्होल्टची मापन रोहित्रे यांत ओतीव एपॉक्सी निरोधक म्हणून वापरतात. नांदेड, लातूर यांसारख्या ठिकाणी मे महिन्यात तापमान ४०° से.पेक्षा अधिक होते व पावसाळ्यात हवा दमट असते. उष्णता व आर्द्रता या दोहोंमुळे निरोधकातील ऊर्जाहानी वाढत असल्याने अशा हवामानात त्याची गुणवत्ता महत्त्वाची ठरते.

आंतरपृष्ठाचे कार्य : १ घ. सेंमी. घनफळाचे द्रव्य १० मायक्रोमीटर व्यासाच्या गोल कणांत विभागल्यास त्यांचे एकूण पृष्ठफळ सु. ०.६ चौ. मी. होते, २० नॅनोमीटर व्यासाच्या कणांत विभागल्यास ते सु. ३०० चौ. मी. म्हणजे ५०० पट होते. प्रत्येक कणाभोवतीच्या रेझिनाच्या पातळ थरातील रेणूंची हालचाल कणाच्या पृष्ठामुळे बदलते. कण सुटे असतील, तर भाराने १ ते ५ टक्के भरण असूनही रेझिनाचा बराच भाग अशा थरांत येतो. या आंतरपृष्ठाचे महत्त्व टी. जे. लूइस यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले. टी. तानाका व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये त्याची बहुस्तरीय प्रतिकृती मांडली.

विखुरण्याचा परिणाम : टिटॅनियम डाय-ऑक्साइडाचा विद्युत् अपारक स्थिरांक एपॉक्सीच्या (सु. ३.५ ते ४) अनेक पट असल्याने मिश्रणाचा स्थिरांक वाढावा, अशी अपेक्षा असते. तथापि बंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेत सिंघा व टॉमस यांना (२००८) अल्प प्रमाणात चांगले विखुरलेले कण असता तो शुद्ध एपॉक्सीपेक्षाही कमी आढळला. आंतरपृष्ठावर जखडलेल्या रेणुशृंखला विद्युत् क्षेत्रानुसार सहज वळू शकत नाहीत, हे याचे संभाव्य कारण होय. भरण वाढविल्यास स्थिरांक पुन्हा वाढू लागतो.

उच्च विद्युत् दाबाखाली निरोधकात झाडाच्या फांद्यांसारख्या सूक्ष्म वाहिन्या वाढत जाऊन अखेर त्याचे भंजन होते. सुटे कण या वाहिन्यांच्या मार्गात अडथळे निर्माण करून त्यांची वाढ लांबवितात. उलट गुठळ्या झाल्यास त्यांत हवेच्या पोकळ्या राहतात, तेथे क्षेत्र एकवटते व तेथूनच भंजनास प्रारंभ होऊ शकतो. कणांच्या पृष्ठावर पाणी शोषले गेल्यास शेजारच्या कणांभोवतीचे ओलसर थर जुळून विद्युत् भारांस वाट मिळते व ऊर्जाहानी वाढते. एकाच घटकांच्या संमिश्रांविषयी निरनिराळ्या प्रयोगशाळांचे निष्कर्ष परस्परविरोधी आढळतात, त्याचे एक प्रमुख कारण विखुरण्यातील हा फरक होय.

निर्मिती व परीक्षण : कण तापवून कोरडे करतात व ते रेझिनाशी जुळावेत म्हणून त्यांवर सिलेन संयुगाचा लेप देतात. नंतर वेगवान ढवळणी व श्राव्यातीत तरंग यांच्या साहाय्याने गुठळ्या फोडतात, निर्वातात हवेचे बुडबुडे काढतात आणि कठिणीकारक घालून मिश्रण साच्यात ओततात. विखुरण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तपासतात. स्थिरांक व हानी निरनिराळ्या कंप्रतांना मोजतात. नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात (स्थापना १९९४) द्रवांच्या याच राशींचा अभ्यास सूक्ष्मतरंग कंप्रतांना कालक्षेत्र परावर्तनमापन पद्धतीने झालेला आहे. घन संमिश्रांत रेणूंची हालचाल मंद असल्यामुळे त्यांच्यासाठी अधिक नीच कंप्रतांची मापनेही आवश्यक असतात.

प्रयोगशाळेतील लहान नमुन्यात साधलेले एकसारखे विखुरण मोठ्या ओतकामात टिकविणे कठीण असते. म्हणून या संमिश्रांपासून केलेल्या निरोधकाची पारख केवळ कणांच्या प्रमाणावरून करता येत नाही. विखुरण व आर्द्रता यांचीही तपासणी करावी लागते.