विशीतील धडे आणि तानसेचा काठ

विशीत पाऊल टाकलेल्या तरुणाला उपदेशाची वाण कधीच नसते. घरी वडीलधारे, महाविद्यालयात प्राध्यापक आणि कचेरीत जुने सहकारी ही शिदोरी त्याच्या हाती देतच असतात. काटकसर करावी, संगत पारखावी, वेळ दवडू नये, अशी ही वचने असतात. त्यांत खोटे काहीच नसते. तरीही पंचविशी ओलांडल्यावर मागे वळून पाहणाऱ्याला असे आढळते, की खरे शिकविले ते वचनांनी नव्हे, तर एखाद्या प्रसंगाने, एखाद्या निर्णयाने, क्वचित एखाद्या अपमानाने. तेव्हा ही वर्षे कोणत्या धड्यांची असतात, आणि ते धडे घेण्याची मुभा सर्वांनाच सारखी मिळते काय, याचा विचार एकदा नीट झाला पाहिजे.

आपल्या राज्यघटनेनेही या वयाकडे उमेदवारीचा काळ म्हणूनच पाहिलेले दिसते. पूर्वी मतदानाचे वय २१ होते. ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून ते १८ वर आले. ग्रामपंचायतीसाठी उभे राहायचे तर वयाची २१ वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि विधानसभेसाठी वा लोकसभेसाठी २५. म्हणजे मत देण्याइतकी समज आल्यापासून कायदे करण्याइतकी समज येईपर्यंत सात वर्षांचे अंतर घटनेने धरले आहे. या सात वर्षांत नागरिकाने माणसे पाहावीत, काम करावे, चुकावे आणि सावरावे, अशीच अपेक्षा त्यामागे असावी. मात्र ही वर्षे कोणाच्या हाती असतात आणि कोणाच्या हाती नसतात, याबाबत वस्तुस्थिती निराळे बोलते.

भिवंडी तालुक्यातील गणेशपुरी हे गाव या प्रश्नाचा विचार करण्यास सोयीचे आहे. तानसा नदीच्या खोऱ्यात, वज्रेश्वरी आणि अकलोलीच्या शेजारी, उन्हाळ्यांसाठी म्हणजेच गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी हा परिसर पूर्वापार प्रसिद्ध आहे. १९३६ साली स्वामी नित्यानंद येथे येऊन राहिले. ८ ऑगस्ट १९६१ रोजी त्यांनी देह ठेवला, तोवर रानातले हे खेडे तीर्थक्षेत्र होऊन गेले होते. पुढे देशांतरीचे तरुणही जीवनाचा अर्थ शोधीत येथे येऊ लागले. विशीतल्या माणसाचा शोध म्हणजे काय, याचे एक रूप या गावाने फार जवळून पाहिले आहे.

त्या शोधाचे उदाहरण स्वामी मुक्तानंदांच्याच चरित्रात सापडते. १९०८ साली मंगळूरजवळ जन्मलेल्या या मुलाने पंधराव्या वर्षाच्या सुमारास घर सोडले. हुबळीस सिद्धारूढ स्वामींच्या मठात त्यांनी संस्कृत व वेदान्ताचे अध्ययन केले. सिद्धारूढ स्वामी १९२९ साली निवर्तले, तेव्हा मुक्तानंद एकविशीचे होते. त्यानंतरची वर्षे भारतभर पायी हिंडण्यात गेली. गणेशपुरीस नित्यानंदांकडून त्यांना दीक्षा मिळाली ती १५ ऑगस्ट १९४७ रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी. त्यांच्या उत्तरायुष्यावरून आणि आश्रमावरून पुढे वादही उठले. ते येथे सोडवायचे नाहीत. येथे लक्षात घ्यायचे ते इतकेच, की विशीत आरंभिलेल्या शोधाचा जमाखर्च मांडण्यास जवळजवळ दोन तपे लागली. पंचविशीत कोणी हिशेब मागितला असता, तर या गृहस्थाच्या खाती भटकंतीवाचून काहीही निघाले नसते. विशीतील धडा त्याच वर्षी फळ देतो, असे नाही. शेतातल्या बियाण्याला जे कळते ते परीक्षेच्या निकालपत्राला कळत नाही.

परंतु हिंडण्यासाठीही पाय मोकळे असावे लागतात. याच तानसेच्या खोऱ्यात आणि उत्तरेकडील डहाणू-उंबरगावच्या रानापर्यंत आदिवासी तरुणांची एक पिढीच्या पिढी अशी होऊन गेली, की तिच्या विशीला हे स्वातंत्र्य ठाऊकच नव्हते. लग्नासाठी सावकाराकडून वा जमीनदाराकडून थोडे पैसे उचलायचे आणि ते फेडण्यासाठी त्याच्या शेतावर राबायचे, अशी ती 'लग्नगड्या'ची रीत होती. कर्ज लहान असे, पण राबणूक जन्माची असे. पुष्कळदा बायकोही त्याच दावणीला बांधली जाई. शहरातला मुलगा ज्या वयात पुढे काय व्हायचे ते ठरवीत असे, नेमक्या त्याच वयात पाड्यावरचा मुलगा स्वतःला गहाण टाकीत असे. १९४५ च्या वारल्यांच्या लढ्याने या रिवाजाला मोठा हादरा दिला. गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात त्या जागृतीची हकिगत लिहून ठेविली आहे. तरीही वेठ पुरती गेली नाही. १९७६ साली वेठबिगार पद्धती नष्ट करणारा कायदा झाला आणि असली सारी कर्जे कागदावर रद्द ठरली. पाड्यावर मात्र तो कागद पोचला नव्हता.

तो पोचविण्याचे काम ज्यांनी अंगावर घेतले, त्यांत दोन तरुणांची नावे ठळकपणे येतात. विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांनी १९७९ मध्ये 'विधायक संसद' स्थापन केली, तेव्हा विवेक पंडित नुकतेच विशीत शिरले होते. आरंभीची दृष्टी लोकांच्या उपयोगी पडावे, एवढीच होती. पण गणेशपुरीपासून फार दूर नसलेल्या वसई तालुक्यातील खेड्यांत वावरताना एक गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. ज्याच्यावर दुसऱ्याची मालकी चालते, त्याच्यापर्यंत कोणतीही मदत पोचत नाही. त्याला दिलेल्या शेळीचा धनीही अखेर मालकच ठरतो. तेव्हा आधी माणूस मोकळा झाला पाहिजे, आणि तो दयेने नव्हे, तर कायद्याने व स्वतःच्या संघटित बळाने मोकळा झाला पाहिजे. या जाणिवेतून १९८२ मध्ये 'श्रमजीवी संघटना' उभी राहिली. वेठबिगारांच्या मुक्ततेच्या या कार्याबद्दल १९९९ साली लंडनच्या गुलामगिरीविरोधी संस्थेने पंडित दाम्पत्याचा गौरव केला.

या उदाहरणातील धडा पुरस्कारात नाही. आपण शिकवायला आलो आहोत, अशी समजूत घेऊन गेलेल्या तरुणाला आपणच शिकायचे आहे हे उमगावे, यात तो धडा आहे. विशीतील माणसाजवळ उत्साह असतो, वाचनही असते. नसते ती गोष्ट म्हणजे आपल्या चांगुलपणाविषयीची शंका. ती शंका जागी करण्याचे काम केवळ पुस्तके करू शकत नाहीत, ते दुसऱ्याचे जगणे करते. आणि शंका आल्यावर काम सोडून न देता कामाची रीत बदलणे, ही त्या धड्याची दुसरी बाजू होय.

याच जिल्ह्यातील कल्याणशी जिचे नाव जोडलेले आहे, त्या आनंदीबाई जोशी यांचे स्मरण येथे होणे साहजिक आहे. १८८३ साली, अठराव्या वर्षी त्या अमेरिकेस निघाल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविशीही पुरी होण्याआधी निवर्तल्या. त्यांच्या धैर्याचे गोडवे नेहमी गायिले जातात, आणि ते रास्तच आहे. पण त्या एकट्या नव्हत्या, हे विसरले जाते. रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी परक्या मुलखात त्यांना घर दिले. विशीतील धाडसाला कोणाचा तरी आधार लागतो. तो नसेल, तर धाडसाचे रूपांतर लवकरच हतबलतेत होते.

आज चित्र पालटले आहे, पण पुरते नव्हे. भिवंडीच्या मागांच्या खडखडाटाशेजारी आता मैलोगणती गोदामे उभी राहिली आहेत आणि पदवी घेतलेली मुले तेथे पाळ्यांमध्ये खपत असतात. दुसरीकडे स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत वर्षामागून वर्षे काढणारा तरुण आहे. त्याला पंचविशीत आपण मागे पडलो असे वाटू लागते. आणि पावसाळा सरताच उचल घेऊन वीटभट्टीची वाट धरणारी कातकरी कुटुंबे आजही दिसतात. त्या भट्ट्यांवरील मुलांसाठी 'विधायक संसदे'ला भोंगाशाळा चालवाव्या लागल्या, यावरूनच उचल या शब्दाचे वजन कळावे. कायद्याने वेठ गेली, परंतु आगाऊ घेतलेल्या पैशापोटी विशीतली वर्षे आजही लिहून दिली जातात.

यावर उपाय काय? २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांतून राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, तेव्हा विद्यार्थ्याने समाजाकडून शिकावे हाच तिचा हेतू होता. पण सात दिवसांचे शिबिर, एक श्रमदानाचा रस्ता आणि एक प्रमाणपत्र एवढ्यावर पुष्कळ ठिकाणी ते शिक्षण आटोपते. ज्या पाड्यावर शिबिर झाले, त्याच पाड्यावर तीच मुले तीन वर्षे जात राहिली, तेथील एका कुटुंबाचे उचलीचे खाते त्यांनी वाचून पाहिले, एक जातीचा दाखला मिळवून देण्यासाठी तहसील कचेरीत चार खेपा घातल्या, तर कोणत्याही व्याख्यानमालेहून मोठा धडा त्यांना मिळेल. तेथे टेबलापलीकडे बसलेल्या कारकुनालाही आपल्या विशीची आठवण करून घेण्यास हरकत नाही. त्याची एक सही एखाद्याच्या आयुष्याची दोन वर्षे वाचवू शकते.

शिक्षकांनी आणि पालकांनीही एवढे मान्य केले पाहिजे, की एकवीस ते पंचवीस या वर्षांचा ताळेबंद त्याच वर्षांत मागणे अन्यायाचे आहे. कोणाला वाट सापडण्यास दोन तपे लागतील, कोणी दोन वर्षांतच आपले काम ओळखील. मात्र ज्याला वाट निवडण्याची मोकळीक लाभली आहे, त्याने ही मोकळीक सर्वांना नाही, हे पहिल्याच दिवशी जाणून घ्यावे. आपल्या विशीची किंमत कळण्यासाठी दुसऱ्याची गहाण पडलेली विशी एकदा पाहावी लागते. ती पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. उन्हाळ्यांवर स्नानाला येणाऱ्यांच्या वाटेवरच वीटभट्ट्यांचा धूर दिसत असतो.