कार्ब्युरेटरची जन्मतारीख

१९६० च्या दशकात अमेरिकेत मध्यम आकाराच्या मोटारीत भले मोठे इंजिन बसवून विकण्याची चढाओढ लागली. या गाड्यांना ‘मसल कार’ म्हणतात. १९६४ साली आलेली पाँटिॲक जीटीओ ही त्यांतील एक गाजलेली गाडी. १९६९ च्या जीटीओचे इंजिन सुमारे ६.६ लिटरचे होते आणि त्यावर रॉचेस्टर बनावटीचा ‘क्वाड्राजेट’ कार्ब्युरेटर असे. अशी जुनी गाडी मूळ रूपात आणताना पहिला प्रश्न पडतो तो हा, की तिच्यावरचा कार्ब्युरेटर तिचाच आहे का?

उत्तर त्याच्या अंगावर कोरलेले असते. चालकाच्या बाजूच्या उभ्या भागावर सात आकडी क्रमांक दिसतो. तो ७०२९ ने सुरू झाला तर कार्ब्युरेटर १९६९ च्या मॉडेलचा, ७०४० ने सुरू झाला तर १९७० चा. शेवटचा अंक सहसा सम असेल तर स्वयंचलित गिअर, विषम असेल तर हाताने बदलायचे गिअर. पूर्ण क्रमांक सुट्या भागांच्या जुन्या यादीशी ताडून पाहावा लागतो.

जवळच चार अंकांची आणखी एक संख्या असते. तिचे पहिले तीन अंक म्हणजे वर्षातला कितवा दिवस आणि चौथा म्हणजे वर्षाचा शेवटचा अंक. समजा, संख्या १२३९ आहे. वर्ष १९६९ की १९७९? १९७९ चे क्रमांक आठ आकडी असून १७ ने सुरू होतात, म्हणून वर्ष १९६९. त्याचा १२३ वा दिवस म्हणजे ३ मे. आता गाडीची जुळणी मार्च १९६९ मध्ये झाली असेल, तर बाकी सारे जुळले तरी हा कार्ब्युरेटर तिचा मूळचा नव्हे. भाग गाडीच्या आधी तयार व्हायलाच हवा!

ओळख पटली की दुरुस्ती. कार्ब्युरेटरमध्ये हवेची वाट एका ठिकाणी अरुंद होते. तेथे हवेचा वेग वाढतो, दाब घटतो आणि टाकीसारख्या छोट्या कप्प्यातले पेट्रोल जेटमधून वर ओढले जाते. पूर्ण ज्वलनासाठी एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण बिघडवणारी कारणे शोधणे म्हणजेच दुरुस्ती.

क्वाड्राजेटमध्ये तीन कारणे नेहमी आढळतात. हलक्या फोमचा फ्लोट वर्षानुवर्षे पेट्रोल शोषून जड होतो. मग तो पुरेसा वर उचलला जात नाही, कप्प्यातली पातळी वाढते आणि मिश्रणात पेट्रोल जास्त होते. म्हणून फ्लोट वजन करून तपासतात. थ्रॉटलचा दांडा आपल्या भोकात झिजला की फटीतून जादा हवा शिरते व मिश्रण विरळ होते. तेथे बुश बसवतात. तळाची बुचे सैल झाली की गाडी उभी असताना पेट्रोल झिरपते आणि सकाळी इंजिन लवकर सुरू होत नाही. ती पक्की करावी लागतात. सफाई करताना कोरलेले अंक मात्र घासायचे नाहीत, कारण पुरावा तेवढाच असतो.

वर्गात ही संख्या फळ्यावर लिहून तारीख काढायला सांगावी. भंगारातल्या जुन्या स्कूटरचा कार्ब्युरेटर मिळाला, तर त्यातला फ्लोट, जेट आणि अरुंद वाट प्रत्यक्ष दाखवता येईल. भारतात २०२० पासून नव्या दुचाकींमध्ये प्रामुख्याने इंधन फवारणी यंत्रणा असते, पण दाबाचा हा धडा जुन्या यंत्रात अजूनही उघडा दिसतो.