संगणकाला डॅक जोडताना: वेळ कोण पाळणार?

संगणकातले गाणे म्हणजे आकड्यांची लांबलचक रांग. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत प्रत्येक चॅनेलला सेकंदाला ४४,१०० आकडे लागतात आणि प्रत्येक आकडा १६ बिटांचा असतो. दोन चॅनेल धरले की सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. या आकड्यांपासून ॲम्प्लिफायरला कळेल असा वरखाली होणारा व्होल्टेज तयार करतो तो डॅक, म्हणजे डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर. लॅपटॉपच्या आत तो असतोच. पण तिथे शेजारी प्रोसेसर आणि वीजपुरवठ्याची सर्किटे सतत खडखडत असतात, म्हणून हौशी मंडळी बाहेर वेगळा डॅक बांधतात.

आकडे न चुकता पोचवणे हे त्यातले सोपे काम. प्रत्येक आकड्याचे रूपांतर ठरल्या क्षणी होणे जास्त अवघड. त्यामुळे सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी एक गोष्ट ठरवून टाकावी: वेळ कोण पाळणार, संगणक की डॅक?

उदाहरणाला पीसीएम५१०२ए ही टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप घेऊ. ती बसवलेला आगपेटीएवढा तयार बोर्ड मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन सहज मिळतो. मात्र या चिपला यूएसबी कळत नाही. तिला कळते आयटूएस, म्हणजे फिलिप्सने १९८६ साली मांडलेली तीन तारांची पद्धत. एका तारेवर आकड्यांचे बिट येतात, दुसरीवर प्रत्येक बिटाचा ठोका (बीसीके), आणि तिसरी (एलआरसीके) सांगते की चालू आकडा डाव्या चॅनेलचा की उजव्या. म्हणून संगणक आणि चिप यांच्यामध्ये यूएसबी घेऊन आयटूएस देणारा एक बोर्ड लागतो. वेळेचा प्रश्न सुटतो तो या मधल्या बोर्डावर.

साध्या, फुल-स्पीड यूएसबीवर संगणक दर मिलिसेकंदाला एक पाकीट पाठवतो. ४४,१०० ला हजाराने भागले की ४४.१ येतात आणि अपुरा आकडा तर पाठवता येत नाही. म्हणून नऊ पाकिटांत ४४-४४ आणि दहाव्यात ४५ आकडे भरले जातात. एखादे पाकीट वाटेत बिघडले तर ते पुन्हा मागवण्याची सोय या प्रकारात नाही. कानाला ‘टक्’ ऐकू येते, एवढेच.

आता या पाकिटांतले आकडे समान अंतराने चिपकडे सोडायचे आहेत. ‘अडॅप्टिव्ह’ बोर्ड संगणकाच्या चालीकडे पाहून आपली चाल सतत बदलत राहतो. ‘असिंक्रोनस’ बोर्ड उलट वागतो. तबल्याच्या स्वतंत्र वादनात लेहरा धरणारा लय सोडत नाही, तसा तो स्वतःच्या क्रिस्टलवर ठाम राहतो आणि ‘थोडे जास्त पाठव’, ‘थोडे कमी पाठव’ असे संगणकालाच अधूनमधून कळवतो. मधला फरक छोट्या बफरमध्ये जिरतो. चांगल्या असिंक्रोनस बोर्डावर बहुधा दोन क्रिस्टल दिसतात: २२.५७९२ आणि २४.५७६ मेगाहर्ट्झ. पहिला ४४.१ किलोहर्ट्झच्या बरोबर ५१२ पट, दुसरा ४८ किलोहर्ट्झच्या ५१२ पट. एकाच क्रिस्टलला साध्या भागाकाराने दोन्ही साधत नाहीत. बोर्ड निवडताना असिंक्रोनसच घ्यावा.

रास्पबेरी पाय हाच संगणक असेल तर मधल्या बोर्डाची गरज नाही. त्याच्या १२, ३५ आणि ४० क्रमांकाच्या पिनांवर अनुक्रमे बीसीके, एलआरसीके आणि डेटा थेट मिळतो. फक्त तिथे वेळ पाय पाळतो आणि त्याच्या मूळ क्रिस्टलला या ठोक्यांनी पूर्ण भाग जात नाही. ऐकायला चालते, पण वेळेची शिस्त थोडी सैल असते.

जोडणीत तीन सिग्नल, ग्राउंड आणि पाच व्होल्ट एवढ्याच तारा. सिग्नलच्या तारा बोटभर लांबीच्या ठेवाव्यात आणि ग्राउंडची तार त्यांच्या लगत न्यावी. नवखे अडकतात ते चिपच्या एससीके पिनपाशी. ही मास्टर क्लॉकची वाट. ती ग्राउंडला जोडली की चिप बीसीकेवरून स्वतःच लागणारा ठोका तयार करते. ती अधांतरी सोडली तर आवाज येत नाही किंवा खरखर येते. तयार बोर्डावर त्यासाठी सोल्डरचा एक थेंब टाकायची जागा ठेवलेली असते. मागच्या बाजूचे चार जंपरही तपासावेत. एक्सएसएमटी ‘हाय’ हवा, नाहीतर चिप मूक राहते. बाकीचे तीन ‘लो’. त्यांतला एफएमटी चुकून ‘हाय’ झाला तर बिट एका घराने सरकतात आणि गाणे फाटल्यासारखे वाजते.

ॲम्प्लिफायर लावण्याआधी मल्टिमीटर हातात घ्या. वीज देण्यापूर्वी पाच व्होल्ट आणि ग्राउंड शॉर्ट नाहीत ना, ते पाहा. वीज दिल्यावर आउटपुटवर डीसी जवळपास शून्य हवा. मग संगणकावरून १०० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा सूर वाजवून एसी मोजा. सुमारे २.१ व्होल्ट दिसले की चिप ठीक. हे लाइन आउटपुट आहे. त्यावर थेट ३२ ओहमचा हेडफोन लावू नका. चिपला निदान एक किलोओहमचा भार अपेक्षित असतो.

लिनक्स आणि मॅकवर असा बोर्ड सहसा लावताक्षणी ओळखला जातो. यूएसबी ऑडिओच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी विंडोजमध्ये २०१७ पासून, म्हणजे विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून, ड्रायव्हर आतच आहे. त्याआधीच्या विंडोजला वेगळा ड्रायव्हर घालावा लागतो. नंतर साउंड सेटिंगमध्ये फाइलचाच दर निवडा. तिथे ४८ किलोहर्ट्झ असेल आणि फाइल ४४.१ ची, तर विंडोज मधल्यामध्ये सगळे आकडे नव्याने मोजून पाठवते.

घूं असा ५० हर्ट्झचा आवाज आला तर डॅकला दोष देण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढा. आवाज थांबला तर लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायर यांच्या अर्थिंगचे वेटोळे झाले आहे. यूएसबी आयसोलेटर लावून ते तुटते. मात्र स्वस्त आयसोलेटर फक्त फुल-स्पीड, म्हणजे १२ मेगाबिटपर्यंतच चालतात आणि जास्त वेगाच्या बोर्डाला पुरत नाहीत.

शेवटची परीक्षा अशी: एक ४४.१ ची आणि एक ४८ ची फाइल, दोन्ही तासभर वाजवा. एकाच दरावर टकटक येत असेल तर त्या दराचा क्रिस्टल किंवा सेटिंग तपासा. दोन्हींवर येत असेल तर यूएसबी केबल आणि पोर्ट बदला, मधला हब काढून टाका. मगच चिपच्या सोल्डरिंगला पुन्हा हात लावा.