रक्तातला आकडा काय सांगतो?

आम्ही काही वैद्य नव्हे. कामगारांच्या तक्रारी लिहून घेता घेता जे वाचावे लागले, तेवढीच आमची विद्या. गेल्या वर्षी आमच्या युनियनच्या कचेरीत एक भगिनी आल्या, आणि त्यांच्यापायी हा विषय आम्हांला शिकावा लागला.

गर्भाशयाच्या कर्करोगासाठी त्यांचे गर्भाशय काढलेले होते. पुढे त्या वेळोवेळी रक्त तपासून घेत. "भाऊ, आकडा चांगला आला," असे म्हणून त्यांनी अहवाल पुढे केला. सीए-१२५ होते १८. परंतु दोन महिने अंगावरून थोडे थोडे रक्त जात होते, ते मात्र त्यांनी कुणाला सांगितले नव्हते. डॉक्टरांनी तपासले तेव्हा योनीच्या वरच्या टोकाशी रोग परतलेला आढळला.

मग आकडा खोटा होता काय? तसे नव्हे. बॉयलरवरचा काटा वाफेचा दाब सांगतो. यंत्राचा पट्टा झिजला आहे की नाही, हे तो सांगत नाही.

सीए-१२५ हे एक प्रथिन आहे. १९८१ साली अमेरिकेत रॉबर्ट बास्ट आणि त्यांचे सहकारी बीजकोशाच्या कर्करोगावर काम करीत असता ते ओळखण्याचे साधन हाती आले. दर मिलिलिटरला ३५ युनिट ही त्याची नेहमीची मर्यादा धरतात. हे प्रथिन केवळ कर्करोगाच्याच पेशी तयार करतात असे नाही. पोटाच्या आतले अस्तर आणि फुप्फुसावरचे आवरण यांच्या निरोगी पेशीही करतात. म्हणून यकृताच्या विकारात, पोटाच्या क्षयात, कधी किरणोपचारानंतरही आकडा चढतो. उलट, परतलेला रोग लहान आणि एकाच जागी असला, तर तो हलतही नाही. एचई-४ नावाची दुसरी खूण आहे; पण मूत्रपिंड बिघडले की तीही वाढते.

तर मग ही तपासणी निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. शस्त्रक्रियेपूर्वी जिचा आकडा चढलेला होता आणि नंतर उतरला, तिच्या बाबतीत तो पुन्हा पायरीपायरीने चढू लागला तर ती इशाऱ्याची घंटा समजावी. रोग पोटात पसरण्याचा धोका असेल तेथे तिचा विशेष उपयोग. तरीही एका आकड्यावर निकाल देता येत नाही. तपासणी पुन्हा, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत करावी. मग सीटी स्कॅन आणि गरज पडल्यास तुकडा काढून परीक्षा. धोका कमी असलेल्या प्रत्येक स्त्रीने ही तपासणी करीत राहावे, असे तज्ज्ञ सांगत नाहीत.

रोग परतायचा तर बहुधा पहिल्या तीन वर्षांत परततो. या काळात दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांकडून प्रत्यक्ष तपासणी व्हावी. रक्तस्राव, ओटीपोटातले दुखणे, पोट फुगणे, न थांबणारा खोकला, घटते वजन यांपैकी काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. योनीच्या टोकाशी परतलेला रोग, पूर्वी तेथे किरणोपचार झाले नसतील तर, पुष्कळदा बराही होतो. वेळ मात्र गाठली पाहिजे.

त्या भगिनींना किरणोपचार मिळाले. दोन महिने संकोचात गेले, याची हळहळ त्यांना आहे आणि आम्हांलाही. म्हणून घरातल्या बायाबापड्यांना एवढेच सांगा: अहवाल पिशवीत जपून ठेवा, पण तक्रार पोटात ठेवू नका.