डेटाबेसचा फॉरमॅट: वेगाच्या तक्त्याबाहेरचे प्रश्न

वितरित डेटाबेस बांधायला घेतला की पहिल्या दोन-चार बैठकींतच एक प्रश्न पुढे येतो: नोंदी नेटवर्कवरून पाठवायला आणि डिस्कवर ठेवायला कोणता फॉरमॅट घ्यायचा? मेमरीत असताना नोंद म्हणजे पॉइंटरने एकमेकांना जोडलेले विखुरलेले तुकडे असतात. ती दुसऱ्या मशीनकडे जायची असेल तर बाइटच्या एका सरळ ओळीत मांडावी लागते आणि पलीकडे त्या ओळीतून पुन्हा उभी करावी लागते. हेच सीरियलायझेशन. निवड बहुतेक वेळा एका तक्त्यावरून होते. जेसन, प्रोटोबफ, अॅव्रो, मेसेजपॅक अशी नावे एका बाजूला, बाइट आणि मायक्रोसेकंद दुसऱ्या बाजूला; ज्याचे आकडे कमी तो जिंकला. माझे म्हणणे असे, की या तक्त्यात सगळ्यात महत्त्वाचा रकानाच नसतो. वितरित डेटाबेसमध्ये आज लिहिलेले बाइट उद्याचा कोड वाचणार असतो, आणि अपग्रेड चालू असताना नव्या कोडने लिहिलेले बाइट कालचा कोडही वाचणार असतो. नोंदीचा आकार बदलत गेला तर या वाचनाचे काय होते, हा प्रश्न आधी सोडवायचा. बाइट आणि मायक्रोसेकंद त्यानंतर.

पण सुरुवात बाइटपासूनच करू, कारण सर्वांत घट्ट रुजलेला समज तिथेच आहे: बायनरी म्हणजे छोटे, मजकूर म्हणजे मोठे. एकच रकाना असलेली नोंद घ्या, गाव: पुणे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. काना, उकार, मात्रा ही वेगळी चिन्हे धरली जातात. म्हणून ‘गाव’ ९ बाइटचे आणि ‘पुणे’ १२ बाइटचे. महिरपी कंस, अवतरणचिन्हे आणि अपूर्णविराम (:) धरून जेसनमध्ये ही नोंद २८ बाइटची होते. हीच नोंद मोंगोडीबीच्या बीसनमध्ये ३३ बाइट घेते, म्हणजे बायनरी असूनही जेसनपेक्षा जास्त. बीसनमध्ये दस्तऐवजाची आणि मजकुराची लांबी आधी लिहिलेली असते, म्हणून नको असलेला भाग न वाचता ओलांडता येतो. जादा बाइट त्या सोयीची किंमत आहेत. मेसेजपॅकमध्ये २४, प्रोटोबफमध्ये १४ आणि अॅव्रोमध्ये १३. शेवटचे दोन इतके खाली कसे आले? त्यांनी ‘गाव’ हे नाव लिहिलेच नाही. प्रोटोबफने नावाऐवजी क्रमांक लिहिला, अॅव्रोने तोही गाळला आणि कितव्या जागी कोणता रकाना हे पूर्णपणे स्कीमावर, म्हणजे नोंदीच्या लिहून ठेवलेल्या आराखड्यावर, सोपवले. म्हणजे आकार ठरतो तो रकान्याचे नाव प्रत्येक नोंदीने वाहायचे की एकदाच कुठेतरी लिहून ठेवायचे यावरून. कॅसँड्रा या वितरित डेटाबेसने हाच धडा स्वतःच्या डिस्कवर गिरवला. २०१५ साली आलेल्या ३.० आवृत्तीआधी तिथे प्रत्येक मूल्यासोबत रकान्याचे नाव पुन्हा पुन्हा लिहिले जात होते. त्या आवृत्तीत साठवणीची रचनाच नव्याने बांधून ही पुनरावृत्ती काढली गेली. शिवाय बाराही बाइट ‘पुणे’ या मूल्याचे आहेत आणि ते कोणत्याच फॉरमॅटने कमी केलेले नाहीत, हेही ध्यानात घ्यावे. लांब मराठी मजकूर साठवणाऱ्या डेटाबेसमध्ये फॉरमॅट बदलून मिळणारी बचत नगण्य असते. उलट, जेसन लिहिणारी लायब्ररी प्रत्येक देवनागरी चिन्ह सहा अक्षरी एस्केपमध्ये लिहीत असेल, आणि पायथनच्या जेसन मॉड्यूलची मूळ सवय तीच आहे, तर २८ बाइटचे ४९ होतात. एवढा एक पर्याय बदलला तरी फॉरमॅट बदलण्याहून जास्त पदरात पडते.

यावर आक्षेप येतो, की कॉम्प्रेशन आहे ना, मग नावे परत परत आली तर बिघडले कुठे? डिस्कपुरते हे बऱ्याच अंशी खरे आहे. एकाच ब्लॉकमधल्या शेकडो नोंदींत तीच नावे येत असतील तर झीस्टँडर्ड किंवा एलझेड४ ती चोख दाबून टाकतात. पण ब्लॉक उघडल्यावर मेमरीत ती नावे पुन्हा पसरतात, पार्सरला ती पुन्हा वाचावी लागतात, आणि दोन नोडमधल्या छोट्याशा संदेशात दाबण्यासारखी पुनरावृत्ती मुळात नसतेच.

वेगाबद्दलही असेच. जेसन संथ असतो हे विधान आता सरसकट करता येत नाही. जॉफ लँगडेल आणि डॅनियल लेमायर यांनी २०१९ मध्ये मांडलेल्या सिमडीजेसनने प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर सेकंदाला गिगाबाइटच्या मापात जेसन पार्स करून दाखवला. मग वेग गौण मानायचा का? तसेही नाही. गूगलच्या यंत्रणांवरच्या २०१५ च्या अभ्यासात असे दिसले, की मेमरी वाटप, डेटाची हलवाहलव, कॉम्प्रेशन, दूरस्थ हाका (आरपीसी) आणि प्रोटोबफ अशा सामाईक कामांवर मिळून प्रोसेसरचा जवळजवळ ३० टक्के वेळ जाऊ शकतो. वेगवान म्हणून नावाजलेला फॉरमॅट वापरूनही हा भार राहतो. त्यातला मोठा वाटा नवे ऑब्जेक्ट उभे करण्याचा आणि बाइट इकडून तिकडे नेण्याचा असतो, त्यामुळे नुसते फॉरमॅटचे नाव बदलून तो हलका होत नाही. फ्लॅटबफर्स आणि कॅप्न प्रोटो हे फॉरमॅट पार्सिंगची पायरीच टाळतात, पण त्यासाठी बाइट ठरावीक सीमांवर बसवायला मधे रिकाम्या जागा सोडतात, आणि बाहेरून आलेले बाइट वाचण्याआधी तपासावेच लागतात.

आता अपग्रेडकडे. शंभर नोडचा क्लस्टर एका क्षणात बंद करून नव्या आवृत्तीवर आणता येत नाही. एकेक नोड खाली घेऊन वर आणावा लागतो. काही तास, कधी काही दिवस, जुने आणि नवे नोड शेजारी शेजारी काम करतात. समजा नव्या आवृत्तीने नोंदीत एक रकाना वाढवला. जुन्या नोडकडे अशी नोंद आली, त्याने त्यातला दुसराच रकाना बदलला आणि नोंद परत लिहिली. त्याला अनोळखी असलेल्या रकान्याचे काय झाले? प्रोटोबफच्या तिसऱ्या पिढीत सुरुवातीला अनोळखी रकाने वाचतानाच टाकून दिले जात. म्हणजे वरच्या प्रसंगात नवा रकाना गुपचूप नाहीसा, ना त्रुटीचा संदेश, ना लॉगमध्ये ओळ. ही चूक पुढे मान्य केली गेली आणि २०१७ मधल्या ३.५ आवृत्तीपासून अनोळखी रकाने जसेच्या तसे जपले जाऊ लागले. इतका जुना, इतका वापरलेला फॉरमॅट, तरी या एका नियमावर माघार घ्यावी लागली. वेगाच्या कुठल्याही चाचणीत हा फरक उमटला नसता. आणि जुन्या नोडच्या कोडमध्ये नोंद आधी जेसनमध्ये नेऊन मग परत आणण्याची वाट असेल, तर अनोळखी रकाने आजही गळतात.

याच ठिकाणी एक समज भल्याभल्यांना चकवतो: रकाना अनिवार्य केला की डेटा सुरक्षित होतो. एका मशीनवरच्या प्रोग्रॅममध्ये ते पटण्यासारखे आहे. वितरित डेटाबेसमध्ये अनिवार्य रकाना वाढवला की जुने नोड तो पाठवत नाहीत आणि नवे नोड त्यांचे संदेश नाकारतात. काढला की नवे पाठवत नाहीत आणि जुने नाकारतात. तो कायमचा अडकून बसतो. प्रोटोबफच्या तिसऱ्या पिढीने ‘रिक्वायर्ड’ हा शब्दच काढून टाकला, तो याच अनुभवातून. रकाना हवाच ही तपासणी करायची, पण ती बाइट वाचल्यानंतर, डेटाबेसच्या स्वतःच्या नियमांत. आणखी एक जपण्याजोगी गोष्ट म्हणजे क्रमांक. ग्राहकाच्या नोंदीत ४ क्रमांकावर फोन होता, तो काढला, आणि वर्षभराने कुणी रिकामा दिसला म्हणून तोच ४ पिनकोडला दिला. दोन्ही मजकूरच. डिस्कवरची जुनी नोंद विनातक्रार वाचली जाईल आणि पिनकोडच्या जागी दहा आकडी फोन दिसेल. म्हणून काढलेला क्रमांक स्कीमात राखीव म्हणून नोंदवून ठेवायचा असतो, कायमचा.

‘मग स्कीमाच नको, जेसन लवचीक आहे’ असे म्हणणाऱ्यांची अडचण समजण्यासारखी आहे, पण स्कीमा लिहून ठेवला नाही म्हणून तो नाहीसा होत नाही. तो प्रत्येक वाचकाच्या कोडमध्ये, थोडा थोडा वेगळा, विखुरतो. जेसनचे प्रमाण संख्या किती अचूक ठेवायची हे बांधून देत नाही. ९००७१९९२५४७४०९९३ हा ओळखक्रमांक जावास्क्रिप्टच्या साध्या पार्सरने वाचला की शेवटचा ३ जाऊन २ येतो, कारण तिथली संख्या ५३ बिटांपलीकडे पूर्णांक अचूक धरत नाही. ट्विटरने २०१० मध्ये ६४ बिटी ओळखक्रमांक आणले तेव्हा तोच क्रमांक मजकूर म्हणूनही पाठवण्याची सोय करावी लागली, ती यासाठीच. अॅव्रो दुसऱ्या टोकाला आहे. डग कटिंग यांनी २००९ मध्ये हडूपच्या परिसरात आणलेल्या या फॉरमॅटमध्ये लिहिणाऱ्याचा स्कीमा हाताशी नसेल तर बाइट वाचताच येत नाहीत. काफ्का या संदेशवहन यंत्रणेच्या जगात म्हणून प्रत्येक संदेशाआधी एक शून्य बाइट आणि चार बाइटचा स्कीमा क्रमांक लावण्याची पद्धत रूढ आहे. ही पद्धत शिस्तीची आहे, पण ती घेतली तर स्कीमाची नोंदवही हा डेटाबेसचाच भाग होतो. तिच्याही प्रती ठेवाव्या लागतात, तिचाही बॅकअप घ्यावा लागतो.

इथवर मूल्यांबद्दल बोललो. ‘एकच फॉरमॅट सगळीकडे’ हा आग्रह कीपाशी, म्हणजे नोंद ज्या नावाने शोधायची त्या किल्लीपाशी, मोडतो. रेंजनुसार विभागणी करणारे डेटाबेस कीचे बाइट डावीकडून उजवीकडे ताडून क्रम लावतात. प्रोटोबफच्या व्हेरिंटमध्ये, म्हणजे पूर्णांक कमी-जास्त बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत, २५६ हा आकडा १२८, २ अशा दोन बाइटचा होतो आणि १२९ हा १२९, १ असा. बाइटच्या क्रमात २५६ आधी आणि १२९ नंतर! १२९ ते २५६ मधल्या नोंदी मागणारी रेंज क्वेरी तिथेच कोसळते. म्हणून कॉक्रोचडीबी, टायडीबी, फाउंडेशनडीबी यांनी कीसाठी क्रम राखणारी वेगळी मांडणी केली आहे. त्यात पूर्णांकाचा मोठा बाइट आधी लिहितात, आणि ऋण संख्या धनांच्या आधी याव्यात म्हणून त्यांच्या मांडणीत फेर करतात. मराठी कीचा पेच तर फॉरमॅटच्याही अलीकडचा आहे. ‘दुसऱ्या’मधला ऱ युनिकोडमध्ये एकाच चिन्हाने लिहिता येतो, र आणि नुक्ता जोडून लिहिता येतो, किंवा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह असाही लिहिता येतो. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, बाइट तीन तऱ्हेचे. हॅशने विभागणाऱ्या डेटाबेसमध्ये हे एकच नाव तीन वेगळ्या नोडवर जाऊन बसू शकते. युनिकोडचे प्रमाणीकरण पहिले दोन प्रकार एक करते, तिसरा करत नाही; तो डेटाबेसमध्ये शिरण्याआधी आपणच बदलावा लागतो.

समान डेटाचे बाइट नेहमी समान, हाही असाच समज. प्रोटोबफचे दस्तऐवज स्पष्ट सांगतात, की त्याचे सीरियलायझेशन प्रमाणरूप नाही. भाषा किंवा लायब्ररीची आवृत्ती बदलली तर क्रम बदलू शकतो. अॅमेझॉनच्या डायनॅमोने २००७ च्या निबंधात वर्णन केल्याप्रमाणे प्रती जुळतात की नाही हे मर्कल ट्रीने, म्हणजे हॅशच्या झाडाने, ताडले जाते. कॅसँड्रातही दुरुस्ती तशीच चालते. प्रत्येक नोडने नोंद उघडून आपल्या परीने पुन्हा लिहिली तर आशय एक असूनही हॅश जुळणार नाहीत आणि नको असलेली दुरुस्ती क्लस्टरभर वाहत राहील. उपाय सोपा आहे: पहिल्या नोडने लिहिलेले बाइट इतरांनी जसेच्या तसे साठवायचे आणि हॅश त्याच बाइटचा घ्यायचा.

शेवटचा आक्षेप व्यवहारी माणसाचा असतो: आत्ता काहीतरी घेऊ, पुढे बदलू. नोड ते नोड संदेशांबाबत हे शक्य आहे. डिस्कवरच्या नोंदी मात्र पुन्हा लिहिल्या जाईपर्यंत जुन्याच रूपात राहतात, आणि बॅकअपमधल्या तर कधीच बदलत नाहीत. म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला आवृत्तीचा एक बाइट ठेवावा. एका बाइटची ही किंमत काहीच नाही. जावाचे अंगभूत सीरियलायझेशन किंवा पायथनचे पिकल मात्र ‘तात्पुरते’ म्हणूनही घेऊ नये, कारण ते एका भाषेला बांधून टाकतातच, शिवाय शत्रूने रचलेले बाइट उघडताना त्याचाच कोड चालू शकतो. आणि प्रत्येक प्रकाशित आवृत्तीने लिहिलेल्या काही नोंदी, बाइट जसेच्या तसे, चाचण्यांच्या फोल्डरमध्ये जपून ठेवाव्यात. नव्या कोडने त्या वाचायच्या. मग नव्या कोडने लिहिलेली नोंद मागच्या आवृत्तीच्या कोडला द्यायची, त्यातला एक रकाना बदलून परत लिहायला लावायचे, आणि बाकीचे रकाने शाबूत आहेत का ते पाहायचे.