घराचा मेंदू घरातच हवा

मोबाइलवरून दिवा लावण्याचे आता कोणाला नवल वाटत नाही. मात्र हौसेने घरभर स्मार्ट उपकरणे बसवणाऱ्याने आधी एक गोष्ट पाहायला हवी: दिवा लावण्याचा हुकूम नेमका कुठून सुटतो? अनेक उपकरणांत तो आधी कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून घरात परततो. यातला धोका कल्पनेतला नाही. अमेरिकेत नेस्ट या स्मार्ट उपकरणांच्या कंपनीने 2014 मध्ये रिव्हॉल्व्ह ही कंपनी घेतली आणि मे 2016 मध्ये तिची सेवाच बंद केली; घरातली उपकरणे जोडणारा तिचा 299 डॉलरचा हब निकामी झाला. एप्रिल 2022 मध्ये इन्स्टिऑन या स्मार्ट उपकरणांच्या कंपनीचे सर्व्हर अचानक बंद पडले, तेव्हा कंपनीच्या अ‍ॅपवर विसंबलेले ग्राहक अडकले. ज्यांनी तीच उपकरणे घरातल्या संगणकावरून चालवली होती, त्यांचे दिवे मात्र लागत राहिले. उपकरणे तीच, फरक फक्त मेंदू कुठे आहे याचा.

हा मेंदू घरी बसवणे आता अवघड नाही. 2013 मध्ये पॉलस स्काउटसेन यांनी सुरू केलेले ‘होम असिस्टंट’ हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर रास्पबेरी पाय किंवा जुन्या संगणकावर चालते. त्याला झिगबी या बिनतारी मानकाचा यूएसबी डोंगल जोडला की सेन्सर, प्लग, बल्ब थेट त्याच्याशी बोलतात. झिगबीची खुबी व्याप वाढवताना कळते. सतत विजेवर चालणारी उपकरणे बहुधा एकमेकांचे निरोप पुढे पोचवतात, बॅटरीवरची पोचवत नाहीत. म्हणून गच्चीच्या दारावर सेन्सर लावण्याआधी वाटेत एक स्मार्ट प्लग बसवावा. स्मार्ट बल्ब भिंतीवरच्या बटणाने बंद केला, तर मात्र निरोपांची ती साखळी तुटते. आपल्याकडे आणखी एक अडचण येते: अनेक स्विचबोर्डांत न्यूट्रल वायर आणलेलीच नसते, आणि बरेच स्मार्ट स्विच तिच्याशिवाय चालत नाहीत. भाराचाही विचार हवा: 2000 वॅटचा गिझर जवळजवळ 9 अँपिअर ओढतो, तेव्हा तिथे 16 अँपिअरचेच उपकरण हवे. ही कामे इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावीत.

हा सारा खटाटोप सामान्य माणसाने का करावा, असे कोणी विचारेल. आक्षेप रास्त आहे. अपडेट करावे लागतात, मेमरी कार्ड दगा देते, बॅकअप दुसरीकडे ठेवावा लागतो. पण एका दिव्यापासून सुरुवात केली तर हे शिकायला अवधी मिळतो. बाहेरगावाहून घर हाताळायचे असेल, तर व्हीपीएनने तेही साधते. घरातल्या ज्येष्ठांना मोबाइल नको असेल, तर भिंतीवरचे बटण पूर्वीसारखे चाललेच पाहिजे. ते चालत नसेल तर रचनाच चुकली. शिवाय ऑक्टोबर 2022 मध्ये आलेल्या ‘मॅटर’ या मानकाची उपकरणे घरच्या नेटवर्कवरच बोलतात, त्यामुळे निवड आता सोपी झाली आहे.

तेव्हा नवे उपकरण आणलेत की बॉक्स आणि पावती जपून ठेवा. ते जोडून झाल्यावर राउटरला येणारी इंटरनेटची केबल काढा आणि दिवा लावून पाहा. लागला नाही, तर मुदतीच्या आत ते परत करा.