चित्र कोणाचे: हाताचे की डोक्याचे?

संगणकाला चार ओळींत वर्णन सांगायचे आणि क्षणात चित्र हजर! पण त्याखाली सही कोणी करायची? सांगणाऱ्याने की यंत्राने? प्रश्न नवा वाटतो खरा, पण कोलकात्याला तो अगदीच अनोळखी नाही.

एकोणिसाव्या शतकात कालीघाटच्या देवळाजवळ पटुआ मंडळी यात्रेकरूंसाठी चित्रे काढत. सारे घर कामाला लागे. कोणी रेषा ओढी, कोणी रंग भरी. सही सहसा कोणाचीच नसे. पुढे छापील चित्रे स्वस्तात मिळू लागली आणि पटुआंचा धंदा बसला.

सही एक, हात अनेक

याच लोकचित्रांपासून प्रेरणा घेऊन जामिनी रॉय (१८८७-१९७२) यांनी आपली शैली घडवली. त्यांच्या कोलकात्यातील घरी कारखान्यासारखे काम चाले. घरची माणसेही हात लावत, एकेक चित्र पुन्हा पुन्हा काढले जाई आणि खाली सही असे ती जामिनीबाबूंची. कला सामान्यांच्या घरात पोचावी, ही त्यामागची तळमळ. कुंचला दुसऱ्याचा असला तरी ती रेषा, ते लांबट डोळे त्यांनीच वर्षानुवर्षांच्या साधनेतून शोधले होते.

मग यंत्राला हुकूम देणाराही चित्रकारच का? आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, संगणकाने तयार केलेल्या कलाकृतीचा कर्ता म्हणजे ती तयार करवणारी व्यक्ती. २०२० मध्ये 'राघव' या संगणक प्रणालीची 'सूर्यास्त' या चित्राची सहकर्ती म्हणून नोंद झाली होती. पण दुसऱ्याच वर्षी ती मागे घेण्याची नोटीस निघाली. सर्वोच्च न्यायालयानेही २००७ च्या एका निकालात म्हटले आहे की, नुसते कष्ट पुरेसे नाहीत. कौशल्य, निवड आणि थोडी तरी सर्जनशीलता हवी.

श्रेय आणि प्रामाणिकपणा

म्हणजे 'सुंदर सूर्यास्त काढ' एवढे सांगून कोणी चित्रकार होत नाही. मात्र कल्पना स्वतःची असेल, शंभर चित्रे नाकारून एक निवडले असेल, त्यावर स्वतःचा हात फिरवला असेल, तर श्रेयाचा काही वाटा नक्कीच मिळावा.

एक फरक मात्र विसरता कामा नये. जामिनीबाबूंनी कोणाकडून घेतले, हे जगाला ठाऊक आहे. यंत्र ज्या लाखो चित्रांवरून शिकले, त्यांच्या चित्रकारांची नावे कुठेच दिसत नाहीत, आणि पटुआंप्रमाणे आज त्यांच्याही पोटावर पाय येण्याची भीती आहे. म्हणून मुलांनी स्पर्धेसाठी यंत्राची मदत घेतली, तर चित्राखाली तसे लिहायला आईवडिलांनीच शिकवावे. सहीला किंमत येते ती खरेपणामुळेच.